सिलेक्ट सीएसएसला का जुमानत नाही?

बटणाचा रंग बदलतो, इनपुटची बॉर्डर बदलते. पण सिलेक्टची, म्हणजे पर्याय निवडायच्या ड्रॉपडाउनची, यादी उघडली की आपली सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) गपगुमान थांबते. दोष सीएसएसचा कमी, जन्मक्रमाचा जास्त. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये (एचटीएमएल म्हणजे पानाची रचना लिहायची भाषा) फॉर्म होते. सीएसएसची पहिली आवृत्ती आली डिसेंबर १९९६ मध्ये. तोवर ब्राउझरांनी सोपी वाट धरली होती: चेकबॉक्स, ड्रॉपडाउन वगैरे ऑपरेटिंग सिस्टिमकडून तयार घ्यायचे आणि पानावर बसवायचे. पानात राहणारे, पण पानाचं न ऐकणारे हे पाहुणे.

सगळ्यात छळलं ते इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या सिलेक्टने. तो विंडोजचा स्वतंत्र कंट्रोल (फॉर्ममधला घटक) होता. झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा) हजारावर न्या, उघडलेल्या मेन्यूतून खालचा सिलेक्ट वर डोकावायचाच. मग मेन्यूच्या मागे रिकामी आयफ्रेम (पानात बसवलेली दुसऱ्या पानाची चौकट) सरकवायची, कारण ती सिलेक्टला झाकू शकायची. २००६ मध्ये आवृत्ती ७ आली आणि ही कटकट मिटली.

मानक लिहिणाऱ्यांनी तर सरळ हात झटकले. २०११ मध्ये पक्क्या झालेल्या सीएसएस २.१ चं म्हणणं असं: फॉर्म कंट्रोलना कोणत्या प्रॉपर्टी (रंग, बॉर्डर असे रूपाचे गुणधर्म) लागू होतात ते आम्ही ठरवत नाही, असा सपोर्ट प्रायोगिक समजावा.

मग लोकांनी डिव्हचे, म्हणजे एचटीएमएलच्या साध्या डब्यांचे, ड्रॉपडाउन बांधले. दिसायला देखणे, पण बाणाच्या कळा, पहिलं अक्षर दाबून पर्यायावर जाणं, स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), मोबाईलचा पिकर (पर्याय निवडायची यादी), हे सगळं नव्याने बांधावं लागे आणि बहुतेक वेळा राहूनच जाई. त्यापेक्षा खरा चेकबॉक्स नजरेआड करून लेबलवर चित्र काढण्याची युक्ती शहाणी. इनपुट तरी खरा राहतो.

अपिअरन्स या प्रॉपर्टीला नन ही किंमत देऊन मूळ रूप उतरवता येतं, पण स्लायडरच्या मुठीला क्रोममध्ये एक स्यूडो-एलिमेंट (घटकाच्या आतल्या भागाचं सीएसएसमधलं नाव), फायरफॉक्समध्ये दुसरा. दोन्ही स्वल्पविरामाने जोडले तर क्रोम अख्खा नियमच टाकून देतो. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ॲक्सेंट-कलर ही कंट्रोलचा रंग बदलणारी प्रॉपर्टी आली. एकच रंग, तोही काही मोजक्या कंट्रोलना; पण निम्म्या मागण्या तेवढ्यावर भागतात.

खरी गाठ सुटली ती ओपन यूआय या, वेबवरचे कंट्रोल सुधारू पाहणाऱ्या गटाच्या कामातून. २०२५ मध्ये क्रोम १३५ ने अपिअरन्सची बेस-सिलेक्ट ही नवी किंमत आणली: सिलेक्टला आणि त्याच्या पिकरला, दोघांनाही ही किंमत द्यायची, मग यादीतला पर्यायन् पर्याय रंगवता येतो. ज्या ब्राउझरला ही किंमत कळत नाही तिथे जुनाच सिलेक्ट दिसतो, काही मोडत नाही. तारखेच्या इनपुटचं कॅलेंडर मात्र अजून ब्राउझरच्याच ताब्यात आहे.