एक ताटात, एक बसायला: सिसिलीची रानबडीशेप आणि फेर्ला

हिवाळी पाऊस ओसरला की इटलीच्या सिसिली बेटावर माळांवर, रस्त्यांच्या कडेला आणि पडीक शेतांत दोन हिरवे झुबके शेजारीशेजारी उगवतात. दोन्हींची पानं शेपूसारखी, दोऱ्यादोऱ्यांची. एक रानबडीशेप, सिसिलियन बोलीत ‘फिनुक्येड्डू’. दुसरी ‘फेर्ला’. पहिली खुडून पास्त्यात जाते. दुसरी खाल्ली तर मेंढ्यांच्या रक्ताची गोठण्याची ताकद जाते आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन त्या दगावतात. फेर्लाचे काही वाण बिनविषारी असतात म्हणे, पण ते आपल्या जेवणात आजमावून बघायची गरज नाही.

कोथिंबीर, गाजर, जिरं, ओवा यांच्याच कुळातल्या या दोघी. पण फेर्लाचं आणखी जवळचं नातं आपल्या डब्यातल्या हिंगाशी आहे. हिंग ज्या झाडांच्या चिकापासून बनतो, ती फेरुला याच प्रजातीतली. थोडक्यात, बडीशेप आणि हिंगाची बहीण यांच्यात गल्लत होते. आपल्या नाकाला हे हास्यास्पद वाटेल.

आणि खरी परीक्षा नाकाचीच आहे. पान चुरडलं की रानबडीशेपेचा गोडसर, मुखवासासारखा वास बोटांना लागतो. फेर्लाला तो नाही. मात्र यात एक मेख आहे. अर्धी टोपली भरेपर्यंत बोटं बडीशेपेने इतकी माखलेली असतात की मग जे चुरडाल त्याला बडीशेपेचाच वास येतो. म्हणून नाकासोबत डोळेही लागतात. फेर्लाचा सगळा कारभार दांडगा: पानाच्या देठाशी फुगीर, पिशवीसारखं आवरण, मधला दांडा मनगटाएवढा, उंची दोन-तीन मीटर. रानबडीशेप सडपातळ, निळसर झाक असलेली, आणि बहुधा गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्यांच्या बुडाशी फुटलेली. फुलांच्या पिवळ्या छत्र्या दोघींच्या सारख्याच, पण वेळ वेगळी. फेर्ला वसंतात फुलते, बडीशेप भर उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये उंच दांड्यावर पिवळं फूल दिसलं, तर ती बडीशेप नव्हे.

याच माळांवर एक तिसरीही असते, हेमलॉक. सॉक्रेटिसला इ.स.पू. 399 मध्ये जिच्या विषाचा प्याला दिला, तीच. फुलं पांढरी, दांड्यावर जांभळे डाग, वास उंदराच्या लेंड्यांसारखा. पानं दोऱ्यांची नसून चपटी, कातरलेली. हिच्याबाबतीत चूक झाली तर ती सुधारायला सवड मिळत नाही. त्यामुळे हे सगळं वाचून, फोटो बघून कुणी खुडायला निघू नये. सिसिलीतही हे ज्ञान आजीच्या मागेमागे माळावर फिरूनच मिळत आलं आहे.

रानबडीशेप इतकी का खुडायची, ते सिसिलीच्या राजधानीच्या, पालेर्मोच्या ‘पास्ता कॉन ले सार्दे’त, म्हणजे तारलीच्या पास्त्यात कळतं. आधी बडीशेपेचा पाला उकळायचा आणि त्याच हिरव्या पाण्यात पास्ता शिजवायचा. मग त्यात ताजी तारली, मनुका, पाइनचे दाणे, केशर, आणि वरून चीजऐवजी भाजलेल्या पावाचा चुरा. मासे परवडले नाहीत, तर तोच पास्ता बिनमाशांचा करायचा आणि म्हणायचं, ‘तारली अजून समुद्रातच आहे.’ गरिबीवर इतका सरळ विनोद करणारं पदार्थाचं नाव मला दुसरं आठवत नाही. यात तारलीचं नसणं चालतं, बडीशेपेचं चालत नाही. बाजारातली गड्ड्याची बडीशेप तिच्या जागी घातली, तर सिसिलीतली माणसं नाक मुरडतात.

19 मार्चला, येशूचा पालक पिता संत जोसेफ याच्या सणाला, याच पाल्यात फावा शेंगांचे सुके दाणे आटवून ‘माक्को’ नावाचं दाट कढण होतं. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला गेलेल्या सिसिलियन कुटुंबांची नातवंडं-पतवंडं त्या दिवशी अजून संताची वेदी मांडतात. तिथे पास्त्यावरच्या पावाच्या चुऱ्याला सुतार जोसेफच्या करवतीचा भुसा म्हणतात.

फेर्लाला या सणात जागा नाही, पण घरात होती. तिचा वाळलेला दांडा जाड असूनही पिसासारखा हलका, आत भेंडासारखा गर. ग्रीक कथेतल्या प्रॉमिथियसने देवांकडून चोरलेला विस्तव अशाच दांड्यात लपवून आणला. सिसिलीत मेंढपाळांनी तिची बसायची स्टुलं बनवली, मधपाळांनी पोळ्यांच्या पेट्या. रोमन मास्तरांनी मात्र तिची छडी केली आणि पोरांच्या तळहातांवर मारली.

शरदातला पाऊस पडला की तिच्या मेलेल्या मुळांवर ‘फुंची दि फेर्ला’ नावाची अळंबी उगवतात. मार्चमध्ये जिला वळसा घालून पुढे जायचं, तिलाच तेव्हा वाळक्या दांड्यांवरून शोधत फिरतात. ही अळंबी खातात, आणि बाजारात त्यांना भावही चांगला मिळतो.