गॅलरीतल्या फोटोंची तपासणी: पार्श्वभूमी

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं. लग्नाचे अल्बम, सातबारे, शाळेचे दाखले चिखलात गेले. ज्यांनी कागदांचे फोटो काढून क्लाऊडवर ठेवले होते, त्यांचं तेवढं तरी वाचलं. आधी निसर्ग चक्रीवादळ, मग तौक्ते आणि वर हा पूर. कोकणात फोटोंचा बॅकअप ही चैन उरली नाही, गरज झाली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 5 ऑगस्टला, ॲपलने जाहीर केलं की आयक्लाऊडवर, म्हणजे त्यांच्या क्लाऊडवर, चढणारे फोटो आयफोनमध्येच तपासले जातील.

तपासणी नवी नव्हती. मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये प्राध्यापक हॅनी फरीद यांच्या साथीने फोटोडीएनए हे तंत्र आणलं होतं. बाललैंगिक अत्याचाराच्या माहीत असलेल्या चित्रांचे डिजिटल ठसे काढायचे आणि सर्व्हरवर येणाऱ्या फोटोंशी ते जुळवायचे. हेतू रास्तच आहे, त्यावर दुमत असू नये. पण ॲपलची जुळवणी मालकाच्या हातातल्या फोनवर होणार होती. सुमारे 30 फोटो जुळले, तरच कंपनीची माणसं ते पाहणार होती. आज अत्याचाराच्या चित्रांची यादी, उद्या एखाद्या सरकारने दुसरी यादी पुढे केली तर? तज्ज्ञांच्या या प्रश्नावर समाधानकारक उत्तर मिळालं नाही. सप्टेंबरमध्ये योजना लांबणीवर पडली, डिसेंबर 2022 मध्ये ती सोडून दिल्याचं ॲपलने सांगितलं.

मला जास्त अस्वस्थ करते ती फेब्रुवारी 2021 मध्ये घडलेली घटना. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी मुलाच्या गुप्तांगावरच्या सुजेचे फोटो डॉक्टरांसाठी काढले. ते आपोआप गूगलच्या क्लाऊडवर गेले. इथे ठसा जुळवलेला नव्हता. नवं चित्र पाहून यंत्रणेनेच ते संशयास्पद ठरवलं. खातं बंद झालं, मेल आणि फोटो गेले. पोलिसांनी गुन्हा नसल्याचं सांगितलं, तरी गूगलने खातं परत दिलं नाही. 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही हकीकत छापली. वाडीवरून रत्नागिरीच्या डॉक्टरांना बाळाच्या अंगावरच्या पुरळाचा फोटो पाठवणारी आई याहून वेगळं काय करते?

2024 मध्ये तर गाजावाजाही झाला नाही. आयफोनच्या आयओएस 18 या प्रणालीत 'एन्हान्स्ड व्हिज्युअल सर्च' आधीपासूनच चालू ठेवलेलं आलं. मालवणच्या किनाऱ्यावर काढलेल्या फोटोत किल्ल्यासारखं काही दिसलं, तर फोन त्या भागाची सांकेतिक माहिती ॲपलच्या सर्व्हरशी ताडून ठिकाण ओळखू पाहतो. माहिती कूटबद्ध असते, ॲपललाही ती वाचता येत नाही. बांधणी खरोखर चोख आहे. तरीही आधी विचारायला काय हरकत होती? अँड्रॉइडवर 'सेफ्टीकोअर' असंच गुपचूप उतरलं. नग्न चित्रं फोनमध्येच ओळखून ती धूसर करण्यासाठी ते आहे, बाहेर काही पाठवत नाही, असं गूगल म्हणतं. पण अनेकांना ते ॲप्सच्या यादीत अचानक सापडलं. विश्वास जातो तो असा, न विचारल्यामुळे.

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीचाही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले; संमतीच्या तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू होतील.