लिंकन यांचे ‘हेडमास्तरांस पत्र’: एक खुलासा

महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत चौकट करून लावलेले आणि शिक्षकदिनी आवर्जून वाचले जाणारे ‘हेडमास्तरांस पत्र’ अमेरिकेचे 16वे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिले, असे आपण वर्षानुवर्षे मानत आलो आहोत. परंतु त्याला कोणताही पुरावा नाही. 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या खंडांत ते आढळत नाही. वसंत बापट यांच्या मराठी रूपाचे सामर्थ्य निर्विवाद आहे, मात्र त्याने लिंकन यांचे लेखकत्व सिद्ध होत नाही.

लिंकन यांच्या घरची हकिकतही पत्राशी जुळत नाही. थोरला रॉबर्ट 1859 मध्ये एक्झिटरच्या शाळेत गेला, तेव्हा तो 16 वर्षांचा, जवळजवळ कॉलेजच्या उंबरठ्यावरचा तरुण होता. एडी चार वर्षांचा होण्याआधीच वारला. विली आणि टॅड यांना व्हाइट हाउसमध्ये शिकवायला खासगी शिक्षक येत. त्यांतला टॅड तर वडिलांची हत्या झाली त्या 1865 सालीही, वयाच्या 12व्या वर्षी, धड वाचू शकत नव्हता, कारण लिंकन यांनी त्याच्यावर अभ्यासाची सक्ती कधी केलीच नाही.

शिक्षणाविषयी लिंकन यांचे अस्सल पत्र हवेच असेल, तर ते आहे. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला, तेव्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या धामधुमीतही, 22 जुलै 1860 रोजी, लिंकन यांनी त्या खचलेल्या मुलाला धीर देऊन पुन्हा नेटाने प्रयत्न करण्यास कळवळून सांगितले. शिक्षकदिनी हे पत्र वाचले जावे, असे मला मनापासून वाटते.