हिप्पोकॅम्पस

हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असा जोडीने असलेला मेंदूचा छोटासा वळणदार भाग. लांबी जेमतेम चार-पाच सेंटीमीटर. आज सकाळी काय घडलं, काल कोण भेटलं, गाडी कुठे लावली, या सगळ्याची नवी आठवण तयार व्हायला हा भाग लागतोच. बऱ्याच जणांना वाटतं की आयुष्यभराच्या आठवणी इथेच साठवलेल्या असतात, पण तसं नाहीये. इथे आठवण घडते, आणि पुढे महिने-वर्षं जात जात ती मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पक्की होत जाते. हा एवढा फरक नीट कळला की लहानपणचं काहीच का आठवत नाही, म्हाताऱ्या माणसांना जुनं लख्ख आठवतं पण सकाळचं का आठवत नाही, अशा पुष्कळ गोष्टी उलगडतात.

हे सगळं कळलं ते मुख्यतः एका माणसामुळे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला हेन्री मोलेसन, जन्म १९२६ चा. त्याला फिट्स यायच्या, औषधांचा उपयोग होत नव्हता, कामधंदा करणंही अवघड झालेलं. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्डचे सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग आणि त्याला लागून असलेला भाग काढून टाकला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पण त्यानंतर नवीन घडलेलं काही त्याच्या लक्षातच राहीना. बोलायचा नीट, बुद्धी शाबूत, स्वभाव गोड, आकडे सांगितले तर लगेच परत म्हणून दाखवायचा, पण मध्ये दुसरं काही निघालं की आधीचं पुसलंच गेलं. ज्या संशोधकांनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं ते प्रत्येक वेळी त्याच्यासाठी नवेच असायचे. त्यातल्या पहिल्या म्हणजे माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर, १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा यावरचा पेपर आला आणि स्मृतीच्या अभ्यासाची दिशाच बदलली.

मिल्नर यांचा एक प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हेन्रीला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आरशात सगळं उलटं दिसतं म्हणून हे कोणालाही सुरुवातीला जमत नाही, हात भलतीकडेच जातो. तीन दिवस सराव घेतला, त्याच्या चुका कमी कमी होत गेल्या आणि शेवटी तो सफाईने गिरवायला लागला, पण आपण हे आधी कधी केलंय हेच त्याला माहीत नव्हतं! म्हणजे हाताला आठवत होतं आणि त्याला आठवत नव्हतं. यावरून कळलं की स्मृती एकच एक नसते. सायकल चालवणं, पोहणं, तबल्यावर बसलेला हात, हे मेंदूच्या दुसऱ्या भागांकडे असतं (बेसल गँग्लिया आणि छोटा मेंदू), प्रसंग आणि माहिती लक्षात राहायला मात्र हिप्पोकॅम्पस हवा. हेन्री २००८ मध्ये वारला. तो हयात असेपर्यंत त्याची ओळख जपण्यासाठी सगळ्या शोधनिबंधांमध्ये त्याला फक्त ‘एच. एम.’ म्हटलं जायचं. ५५ वर्षं या माणसाने न कंटाळता संशोधकांना साथ दिली, त्याचं ऋण मोठं आहे.

आठवण घडते म्हणजे पेशींच्या पातळीवर नेमकं काय होतं याचा मोठा धागा १९७३ मध्ये मिळाला. टिम ब्लिस आणि तेरिए लोमो या शास्त्रज्ञांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं की एका वाटेने विजेचे भराभर ठोके दिले की त्या पेशींमधला जोड पक्का होतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. झोपेचाही यात मोठा वाटा आहे. उंदीर दिवसा ज्या रस्त्याने फिरले त्या वेळी ज्या पेशी एकत्र चालू होत्या त्याच नंतर झोपेत पुन्हा एकत्र चालू होताना दिसल्या (१९९४), म्हणून दहावी-बारावीच्या पेपरच्या आदल्या रात्री जागून पाठ करणाऱ्यांना झोपा म्हणून सांगणं हे खरंच पाठांतराच्याच फायद्याचं आहे.

लहानपणाचं बघू. मोठेपणी बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचं जे आठवतं असं वाटतं ते पुष्कळदा घरच्यांनी सांगितलेलं किंवा फोटोत पाहिलेलं असतं. पण दोन वर्षांचं पोर महिन्यापूर्वीची गोष्ट बरोबर सांगतं, म्हणजे आठवण तेव्हा होते, ती टिकत नाही. याचं एक कारण असं मांडलं जातं की त्या वयात हिप्पोकॅम्पसमध्ये नवीन पेशी झपाट्याने तयार होत असतात आणि त्या आत शिरताना जुने जोड विस्कटतात. २०१४ मध्ये उंदरांवर हे दाखवलं गेलं, नव्या पेशींचा वेग कमी केला तर पिल्लांच्या आठवणी जास्त टिकल्या. याउलट साधारण १० ते ३० या वयातलं आयुष्यभर ठळक राहतं, कॉलेजच्या दिवसांतली गाणी साठीतही तोंडपाठ असतात ती त्यामुळेच.

हा भाग वापराप्रमाणे बदलतो, मोठेपणीसुद्धा. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायचं लायसन हवं तर शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे २५,००० रस्ते डोक्यात बसवावे लागतात, तयारीला तीन-चार वर्षं जातात. मेंदू-संशोधक एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या ड्रायव्हरांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग शंका आली की मुळातच मोठा असलेले लोक या धंद्यात येतात का, तर २०११ मध्ये शिकाऊ उमेदवारांना आधी आणि नंतर तपासलं आणि वाढ फक्त परीक्षा पास झालेल्यांमध्ये दिसली. आपल्याकडे शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या पंडितांच्या मेंदूचे स्कॅन मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झाले, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही हिप्पोकॅम्पससकट बऱ्याच भागांत करडा पदार्थ (मेंदूच्या पेशींनी भरलेला भाग) जास्त आढळला.

वय वाढलं की हिप्पोकॅम्पस थोडा आकसतोच, नाव पटकन न आठवणं किंवा चष्मा शोधत बसणं यात घाबरण्यासारखं काही नाही. शब्दसंग्रह तर साठीपर्यंत वाढतच असतो. अल्झायमरची गोष्ट मात्र वेगळी, त्यात पेशी मरायला लागतात त्या बहुतेकदा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागापासूनच, म्हणून आधी जातं ते ताजं. आजीला लग्नातले उखाणे आणि जात्यावरच्या ओव्या येतात, पण तासापूर्वी जेवल्याचं आठवत नाही, आणि ओळखीच्या गल्लीत वाट चुकते, कारण जागेची जाण ठेवणाऱ्या पेशीही तिथेच असतात (त्यांच्या शोधासाठी जॉन ओकीफ यांना २०१४ चं नोबेल मिळालं). घरच्यांना वाटतं मुद्दाम तेच तेच विचारतात. मुद्दाम नाही हो विचारत, त्यांच्यासाठी तो प्रश्न खरोखर पहिल्यांदाच असतो, त्यांच्यावर ओरडू नका.

हे पूर्ण थांबवता येत नाही, पण पुढे ढकललं जाऊ शकतं असं वाटायला जागा आहे. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या (म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) ६४८ रुग्णांचा अभ्यास केला (२०१३), त्यात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला आणि हे शाळेत न गेलेल्यांमध्येही दिसलं. चालणं, बीपी-शुगर ताब्यात ठेवणं, ऐकू कमी येत असेल तर मशीन लावणं हेही डॉक्टर सांगतात. शिवाय प्रत्येक विसरभोळेपणा अल्झायमर नसतो. थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या आणि बी-१२ ची कमतरता, जी आपल्याकडच्या शाकाहारी घरांत खूप दिसते, यांनीही स्मृती मंदावते आणि उपचारांनी ती बऱ्याचदा सुधारते, त्यामुळे ‘आता वयच झालं’ म्हणून सोडून द्यायच्या आधी थायरॉइड आणि बी-१२ च्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवावं.