एप्रिलमध्ये घरी परततं कोण? स्नोबर्ड आणि फुल-टाइमर यांतला फरक

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातलं क्वार्ट्झसाइट हे एरवी सुमारे अडीच हजार वस्तीचं गाव. फेब्रुवारीत मात्र गावाबाहेरच्या वाळवंटात नजर जाईल तिथवर मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, उभ्या असतात. टपावर सौर पॅनल, दाराशी घडीच्या खुर्च्या आणि सावलीत बसलेली साठी-सत्तरीची जोडपी. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन जोडप्यांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, खुर्च्या सारख्या, दुपारचा पत्त्यांचा डावही एकत्र. तरी त्यातलं एक जोडपं स्नोबर्ड, म्हणजे हिवाळ्यापुरतं दक्षिणेला आलेलं असतं आणि दुसरं फुल-टाइमर, म्हणजे वर्षभर गाडीतच राहणारं.

अमेरिकेत अनेक वर्षं राहिलेली आपली मंडळीसुद्धा या दोघांची गल्लत करतात. ‘शेजारचे दोघं रिटायर झाले, आरव्ही (अशी राहायची गाडी) घेतली, आता फिरत असतात,’ एवढ्यावर विषय संपतो. पण त्यांनी घर ठेवलं की विकलं, हे विचारायला हवं. त्यांचा पत्ता, कर, विमा, डॉक्टर हे सगळं त्यावर ठरतं. वसंतात मुला-नातवंडांकडे परतायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तेही त्यावरच.

स्नोबर्डचं घर उत्तरेत असतं. मिनेसोटा, मिशिगन, ओहायो किंवा सरहद्दीपलीकडे ऑन्टारियोत. बर्फ पडायच्या आधी किंवा नाताळ नातवंडांसोबत करून ते दक्षिणेला निघतात. मिशिगन-ओहायोचे आय-७५ धरून फ्लोरिडाला, मिनेसोटाचे आय-३५ धरून टेक्ससच्या रिओ ग्रँड खोऱ्यात. फलटण-बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर घाट चढून गावी येतात, तसंच हे. वाडा कुठेही पडला तरी गाव ठरलेलं.

फुल-टाइमरने गावच ठेवलेलं नसतं. घर विकलं, सामान मुलांत वाटलं, उरलेलं दान केलं आणि मोटरहोम हेच घर झालं. हिवाळ्यात ते क्वार्ट्झसाइटला दिसतात ते ऊब हवी म्हणून. उन्हाळ्यात तेच जोडपं मोंटानात किंवा मेनच्या किनाऱ्यावर असतं.

एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते: स्नोबर्ड फारसे फिरत नाहीत. वर्षातून दोन मोठे प्रवास, मधले चार-पाच महिने एकाच जागी. रिओ ग्रँड खोऱ्यातल्या मिशन, मॅकॅलन, हार्लिंजन या गावांमध्ये त्यांना ‘विंटर टेक्सन’ म्हणतात. तिथल्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांच्या वसाहतींत, वर्षानुवर्षं तीच जागा, तेच शेजारी आणि गुरुवारचं तेच सामुदायिक जेवण असणारी जोडपी पुष्कळ. मोठी मोटरहोम लिटरला तीन-चार किलोमीटर देते. त्यामुळे काही वर्षांनी बरेच जण गाडी तिथेच ठेवून विमानाने ये-जा करू लागतात. गाडी चालवत खरी भटकंती करतात ते फुल-टाइमर.

लांबून ओळखायचं असेल तर नंबरप्लेट पाहावी. मिनेसोटाची किंवा ऑन्टारियोची असेल तर बहुधा स्नोबर्ड. साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडाची असेल आणि बोलण्यात मात्र ओहायोचा हेल असेल, तर फुल-टाइमर असण्याची शक्यता मोठी. घर नसलं तरी कायद्याला पत्ता लागतो. वाहन परवाना, मतदान, बँक, विमा, सगळ्यालाच. या तीन राज्यांत राज्याचा आयकर नाही आणि फिरत्या माणसाला रहिवासी करून घेण्याची व्यवस्था रुळलेली आहे. साउथ डकोटात टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता आणि तिथल्या एका रात्रीच्या मुक्कामाची पावती एवढ्यावर वाहन परवाना मिळतो. टेक्ससमध्ये लिव्हिंगस्टन या छोट्या गावी ‘एस्केपीज’ या आरव्ही संघटनेचं मुख्यालय आहे. १९७८मध्ये एका भटक्या जोडप्यानेच ती सुरू केली. कधीही लिव्हिंगस्टनमध्ये न राहिलेल्या हजारो जोडप्यांची पत्रं तिथे येतात आणि पुढे रवाना होतात.

स्नोबर्डला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याचा पत्ता जिथे मुलं लहानाची मोठी झाली तोच. त्याच्या मागे लागतं ते बंद घर. मिशिगनच्या जानेवारीत घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तर पाणी गोठून नळ फुटतात आणि तळघरात पाणी साचतं. म्हणून निघताना मुख्य नळ बंद करायचा, पाइप रिकामे करायचे आणि कुणाला तरी ठरावीक दिवसांनी आत जाऊन पाहायला सांगायचं. घर पाहिलं जात नव्हतं असं निघालं तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, विशेषतः कॅनडात. फुल-टाइमरचा विम्याचा प्रश्न निराळा. साधा आरव्ही विमा ही गाडी सुट्टीपुरती वापरली जाते असं धरून चालतो. गाडी हेच घर असेल तर पायरीवरून घसरलेल्या पाहुण्याची जबाबदारीही विम्यात यावी लागते. त्यासाठी फुल-टाइमरचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

आरोग्याचा मुद्दा मी सगळ्यांत वर ठेवते, कारण चूक झाली तर तिथेच सगळ्यांत महाग पडते. पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, पण त्याच्या दोन वाटा आहेत. मूळ मेडिकेअर देशभरात ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालतं. मेडिकेअर अॅडव्हांटेज ही खाजगी कंपन्यांमार्फत मिळणारी योजना ठरावीक भागाला बांधलेली असते. त्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर बहुतेक योजनांमधून नाव कमी होऊ शकतं. स्नोबर्ड पाच महिन्यांत परततो, त्यामुळे त्याचं अॅडव्हांटेजवर कसंबसं निभतं. नेहमीच्या तपासण्या तो मे महिन्यात आपल्या जुन्या डॉक्टरकडे करतो. फुल-टाइमरने मात्र घर विकण्याआधी मूळ मेडिकेअर आणि पूरक विमा यांचा विचार केलेला बरा. एकदा अॅडव्हांटेजमध्ये गेल्यावर बहुतेक राज्यांत पूरक विमा कंपन्या प्रकृती पाहून नकार देऊ शकतात. मधुमेह, रक्तदाब आपल्या घराघरांत आहे, तेव्हा हे वाक्य दोनदा वाचावं.

कॅनडाच्या स्नोबर्डवर दिवसांचा हिशेब बसलेलाच असतो. अमेरिकेत साधारण सहा महिने राहता येतं, पण अमेरिकी कर खात्याची मोजणी वेगळी. या वर्षीचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. बेरीज १८३ किंवा जास्त झाली तर आपलं मूळ नातं कॅनडाशीच आहे असं सांगणारा फॉर्म ८८४० भरायचा. म्हणजे दर वर्षी चार महिन्यांहून थोडं जास्त राहिलं तरी तो लागू होतो. शिवाय ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा टिकवायचा तर कोणत्याही बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त प्रांताबाहेर राहून चालत नाही. पुण्या-नाशिकहून मुलांकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांना ही दिवसांची मोजणी ओळखीची वाटेल. कॅनेडियन माणूस म्हणूनच सहसा फुल-टाइमर होऊन अमेरिकेत वर्षभर फिरत नाही. कायदाच त्याला वसंतात घरी आणतो.

तारखा वाळवंटातल्या मुक्कामालाही आहेत. क्वार्ट्झसाइटजवळच्या ला पोसासारख्या सरकारी जमिनींवर दीर्घ मुक्कामाचा परवाना अनेक वर्षं १८० डॉलरला मिळत आला. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. एप्रिल आला की वाळवंट तापू लागतं आणि दोन्ही प्रकारची जोडपी गाड्या वळवतात. इथून पुढे त्यांचं काही सारखं राहत नाही.

स्नोबर्डला ओढ घराची आणि धास्ती वाटेची. आय-३५वरून उत्तरेला जाताना एप्रिल-मेमध्ये ओक्लाहोमा-कॅन्सस लागतं, तो तिथल्या टोर्नेडोंचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळांचा, मुख्य काळ. ते ओलांडून पुढे जावं तर मिनेसोटात एप्रिलमध्ये अजून बर्फ पडू शकतो. रात्री पारा गोठणबिंदूखाली गेला तर मोटरहोमच्या पोटातले पाण्याचे पाइप फुटतात. म्हणून जाणती जोडपी निघतानाच पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रावण, भरतात. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं आणि पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत चालतं. मग वाटेतले मुक्काम गाडीतले नळ न वापरता, बाटल्यांच्या पाण्यावर काढतात. घरी पोचल्यावर पाइप धुवायचे, ब्लीचच्या पातळ पाण्याने टाकी साफ करायची आणि घराचे नळ हळूहळू उघडत कुठे गळतंय का ते ऐकत बसायचं. साचलेलं टपाल, अंगण, डॉक्टर यांत पहिले दोन आठवडे जातात. नातवंडं मात्र शाळेतून थेट येतात, कारण आजीचं घर तिथेच आहे आणि किल्ली त्यांच्याकडेही आहे.

फुल-टाइमर जोडपं मुलाच्या दारात येतं ते पाहुणं म्हणून, घर सोबत घेऊन. पस्तीस फुटी गाडी ड्राइव्ह-वेवर मागे-मागे घेताना सून फाटकाशी उभी राहून हात दाखवते, सासरे आरशात बघतात, नातू झाडाच्या फांदीकडे बोट करून ओरडतो. ड्राइव्ह-वे उताराचा असतो, म्हणून पुढच्या चाकांखाली फळ्या. मग गॅरेजमधल्या प्लगपासून वायर. इथे आकडा समजून घ्यावा. मोठ्या मोटरहोमला कॅम्पग्राउंडवर, म्हणजे मुक्कामाच्या तळावर, ५० अँपिअरची जोडणी मिळते, म्हणजे १२,००० वॉट. गॅरेजचा साधा प्लग १५ अँपिअर, म्हणजे १,८०० वॉट. टपावरचा एकच एसी पंधराशेच्या आसपास घेतो. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की घराच्या पॅनलमधला ब्रेकर पडतो, आणि त्याच सर्किटवर गॅरेजचा फ्रीजर असेल तर तोही बंद.

संडासाच्या पाण्याची, म्हणजे ब्लॅक टँकची, सोय ड्राइव्ह-वेवर नसते. दीडशे-पावणेदोनशे लिटरची टाकी दोघांच्या वापरात साधारण आठवडा-दहा दिवसांत भरते. मग गाडी हलवून डंप स्टेशनवर, म्हणजे टाकी रिकामी करायच्या जागी, न्यावी लागते. गावाचे नियमही पाहावे लागतात. अनेक वसाहतींत रहिवासी संघटना दारात आरव्ही एक-दोन दिवसांपेक्षा जास्त उभी करू देत नाहीत. जवळचं सरकारी कॅम्पग्राउंड हा चांगला उपाय, पण उत्तरेतली अनेक कॅम्पग्राउंड एप्रिलच्या मध्यानंतर किंवा मेमध्ये नळ सुरू करतात आणि सलग मुक्कामाची मर्यादा बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांच्या आसपास असते. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कॅम्पग्राउंड असेल तर बासष्टीनंतर मिळणाऱ्या ८० डॉलरच्या आजीवन पासवर बऱ्याच ठिकाणी भाडं निम्मं होतं. तो अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो, त्यामुळे आपल्या ज्येष्ठांनीही घ्यावा. कॅनेडियन पाहुण्याला मिळत नाही.

या अडचणी वाचून फुल-टाइमरची कीव येऊ नये. त्यांच्या भेटीत एक गोष्ट असते ती मला फार मोलाची वाटते. आलेले दहा दिवस ते पूर्णपणे नातवंडांचे असतात. छपराच्या पन्हळी साफ करायच्या नसतात, छप्पर बघायचं नसतं. रात्री दोघं आपल्या गाडीत झोपायला जातात, त्यामुळे सुनेचं स्वयंपाकघर तिचंच राहतं आणि सासूला पहाटेचा चहा हवा तेव्हा करता येतो. आणि मुलगा एका किनाऱ्यावर, मुलगी दुसऱ्या किनाऱ्यावर अशी घरं आता पुष्कळ आहेत. तिथे ‘परतायचं’ ते कोणत्या गावी? अशा कुटुंबाला फुल-टाइमरची फेरीच जास्त न्याय देते. मे मुलीकडे, जून मुलाकडे.

मुलं-नातवंडं एकाच गावात असतील, तर मात्र माझं मत स्वच्छ आहे: घर विकू नका, स्नोबर्ड व्हा. तेही थेट नाही. आधी दोन हिवाळे गाडी भाड्याने घेऊन किंवा जुनी घेऊन काढा. घर भाड्याने देऊन वर्षभर फिरून पाहणं हा मधला रस्ता आहे, फक्त भाडेकरूचा करार मेपर्यंत संपेल असा करा.

गाडी चालवणं थांबेल त्या दिवसाचा विचारही आधीच व्हावा. स्नोबर्डचं उत्तर सोपं: गाडी विकून घरी. फुल-टाइमरला परतायला घरच नसतं, हे एस्केपीजने फार आधी ओळखलं. लिव्हिंगस्टनला त्यांनी केअर नावाचं केंद्र उभारलं. तिथे म्हातारपण किंवा आजारपण आलेली जोडपी स्वतःच्याच मोटरहोममध्ये राहतात, जेवण केंद्रात मिळतं, डॉक्टरकडे न्यायला-आणायला माणसं असतात. तिथे पोचल्यावर वसंताची फेरी उलट्या दिशेने होते. मुलं नातवंडांना घेऊन टेक्ससला येतात.