ब्लॅकजॅकमधील संभाव्यता

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोच्या वतीने पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, अधिक गुण जमवायचे असतात. गुलाम, राणी व राजा यांचे प्रत्येकी १० गुण धरतात. एक्क्याचा सोयीप्रमाणे १ किंवा ११. त्यामुळे ५२ पत्त्यांच्या कॅटमध्ये दहा गुणांचे पत्ते १६ होतात आणि खेळाचे बहुतेक गणित त्यांच्याभोवतीच फिरते.

पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला, की तो ‘ब्लॅकजॅक’. दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्यांपैकी अशा जोड्या ६४, म्हणजे ४.८३ टक्के, साधारण २१ डावांत एकदा. त्यावर लावलेल्या रकमेच्या दीडपट मिळते. काही टेबलांवर मात्र ६:५ या प्रमाणातच देतात. फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्याने कॅसिनोचा फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो.

हा फायदा मुळात येतो कुठून? डीलरला १७ होईपर्यंत पत्ते घ्यावेच लागतात आणि सुमारे २८ टक्के डावांत तो २१ ओलांडतो. पण खेळाडूला आधी खेळावे लागते. तो आधीच ‘फुटला’ असेल, तर डीलर नंतर फुटूनही उपयोग नाही. म्हणून डीलरची हुबेहूब नक्कल करणारा खेळाडू दीर्घकाळात सुमारे साडेपाच टक्के गमावतो. विचारपूर्वक खेळल्यास, चांगल्या नियमांत, ही घट अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. ते डावपेच १९५६ मध्ये अमेरिकी लष्करातील बाल्डविन, कँटी, मेझेल व मॅकडरमॉट या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून मांडले. हे काम थक्क करणारे आहे. हाती १२ असताना पुढच्या पत्त्याने फुटण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के, १६ असताना ६२ टक्के. तरीही डीलरची दश्शी उघडी असेल, तर १६ वर आणखी पत्ता घेणे थांबण्यापेक्षा किंचित कमी तोट्याचे.

डीलरचा एक पत्ता उघडा व एक झाकलेला असतो. उघडा पत्ता एक्का असला, की खेळाडूला ‘इन्शुरन्स’, म्हणजे डीलरचा ब्लॅकजॅक होईल अशी वेगळी पैज, घेता येतो. झाकलेला पत्ता दहाचा निघाल्यास दुप्पट मिळते. म्हणजे तो तीनांत एकदा तरी दहाचा निघायला हवा. एका कॅटच्या खेळात हाती दहाचे दोन पत्ते असतील, तर उरलेल्या ४९ पैकी १४ च दहाचे, २८.६ टक्के. वीस गुणांचा चांगला डाव जपण्यासाठी अनेक जण नेमका तेव्हाच इन्शुरन्स घेतात आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत महाग पडतो.

फासे मागचा डाव विसरतात, पत्ते विसरत नाहीत. दुर्री ते छक्की अधिक गेल्या असतील, तर उरलेल्यांत दहाचे पत्ते व एक्के जास्त असतात आणि ते खेळाडूच्या बाजूचे ठरतात. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्ये या आधारावर पत्ते मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे सहा-आठ कॅट एकत्र पिसणे रूढ झाले. एका कॅटमधून एक एक्का गेला, की ब्लॅकजॅकची शक्यता ४.८३ वरून ३.७६ टक्क्यांवर येते. सहा कॅटमध्ये ती ४.७५ वरून जेमतेम ४.५८ पर्यंत उतरते.