रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

संग्रहालयात जतन केलेल्या जुन्या पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर जागा, तारीख आणि नमुना गोळा करणाऱ्याचं नाव. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुठे कोणता पक्षी होता, हे आपण बरेचदा या चिठ्ठ्यांवरूनच सांगतो. त्यातली एखादी खोटी निघाली तर काय होतं, हे रानपिंगळा या छोट्या घुबडाने दाखवून दिलं.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. शेपटीवर मात्र रुंद, ठळक पट्टे. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. पुढच्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर एकच नोंद उरते: रिचर्ड माइनर्ट्सहागन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाची, १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञांना या नोंदीचा संशय आला. क्ष-किरणांनी तपासल्यावर कळलं की तो नमुना उसवून नव्याने शिवलेला आहे. मुळात तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला! मांडवी बाद झाली, तशी शोधाची दिशा खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागांकडे वळली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खानदेशातल्या शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. नंतर मेळघाटातही तो सापडला. माझ्या मते पक्ष्यांच्या अभ्यासात एवढी चोख पोलिसी चौकशी क्वचितच झाली असेल.

दुर्मीळ पक्ष्याची निदान कुणीतरी नोंद तरी करतं. नेहमीच्या पक्ष्यांना तेवढंही मिळत नाही. गिधाडं गावोगाव होती, म्हणून ती मोजायचं फारसं कुणाच्या मनात आलं नाही. सुदैवाने ऐंशीच्या दशकात पक्षितज्ज्ञ विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ती मोजून ठेवली होती. पुढच्या दशकात पुन्हा मोजणी झाली तेव्हा घसरण आकड्यांतच दिसली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली.

म्हणून आज पक्ष्यांची यादी करताना साळुंकी, कावळा, चिमणीही लिहा, आकड्यासह. किती वेळ पाहिलं तेही लिहा. तासभर पाहूनही चिमणी दिसली नाही, तर तीसुद्धा नोंदच आहे.